जुनी प्रत जागेवर असू द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या नऊ कविता एका सीडीवर अडकून पडल्या होत्या. आज मला जे सांगायचं आहे, ते या नऊ कवितांमुळेच सुचलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२००१ साली माझा एक छोटा संग्रह निघाला. औरंगपुऱ्यातल्या एका डीटीपी केंद्रात तो कंपोज झाला. पानं वाढली तर खर्च वाढतो, म्हणून शेवटच्या क्षणी नऊ कविता गाळल्या. केंद्र चालवणारे गृहस्थ सज्जन होते. सगळं टाइप झालेलं होतंच, ते त्यांनी सीडीवर घालून माझ्या हाती ठेवलं. म्हणाले, "कवीसाहेब, जपून ठेवा. दुसऱ्या आवृत्तीला कामी येईल." मी ती वडिलांच्या कागदपत्रांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. हस्तलिखित मात्र दोन घरं बदलताना कुठं गेलं, कळलं नाही.

वीसेक वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीचा योग आला. सीडी काढली, पुसली, संगणकात घातली. फाइलींची यादी नीट दिसली. मला हायसं वाटलं. फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि चिन्हांची नुसती खिचडी. माझं एक अक्षर ओळखू येईना.

कारण सोपं होतं. त्या काळात मराठी टायपिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची बाराखडी असे. एका कंपनीनं ज्या क्रमांकावर 'क' ठेवला, तिथं दुसरीनं 'म' ठेवलेला. त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप केला, त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच फॉन्टमध्ये तो वाचता येई. मी चौकशी केली. उत्तर आलं, "ती आवृत्ती आता मिळत नाही, नवी घ्या." नवी आवृत्ती एका ओळखीच्या ठिकाणी लावून पाहिली. तिनं फाइल उघडली, पण जोडाक्षरं फुटली आणि कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटल्या. गद्य असतं तर चाललं असतं. कवितेत ओळ कुठं तुटते, यावरच सगळं असतं. जुनी आवृत्ती चालवायला संगणकाच्या मागे एक कुलूप लावावं लागे, त्याला डोंगल म्हणत. ते कुलूप त्या डीटीपी केंद्राबरोबर गेलं. केंद्राच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

छापलेल्या कविता मी पुस्तकावरून पुन्हा टाइप करून घेतल्या. गाळलेल्या नऊ कुठून टाइप करणार?

हे रडगाणं मी माझ्या भाच्यापुढं गायलं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरी आमची भाषा दखनी, ते बोलणं इथं मराठीत सांगतो. तो म्हणाला, "मामू, तुमच्या बाबतीत एकदा झालं, आमच्या बाबतीत रोज होतं. फक्त आम्ही त्यावर थोडाफार इलाज शोधला आहे." हा मुलगा नोकरीव्यतिरिक्त रात्री तासभर आणखी एक काम करतो, बिनपगारी. तो पॅकेज सांभाळतो. आधी मला वाटलं, कुरिअरचं काहीतरी असेल. मग त्यानं समजावलं.

आपण मोबाइलवर एखादं ॲप घ्यायचं तर दुकानात जातो, नाव टाकतो, ते आपोआप येऊन बसतं. लिनक्स नावाची जी मुक्त संगणक-प्रणाली आहे, तिच्यात ही सोय मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आहे. संगणकाला सांगायचं, मला अमुक फॉन्ट हवा. तो शोधतो, आणतो, त्या फॉन्टला आणखी काही लागत असेल तर तेही आणतो आणि नीट मांडून ठेवतो. हे काम करणाऱ्या यंत्रणेला पॅकेज मॅनेजर म्हणतात. १९९३ साली सुरू झालेला डेबियन हा लिनक्सचा एक जुना घराणेदार प्रकार. असे आणखी पुष्कळ आहेत.

पण दुकानात माल आपोआप येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणारे जगभर विखुरलेले असतात. कुणी कंपनी असते, कुणी विद्यापीठ, कुणी एकटाच माणूस. त्यांनी तयार केलेला माल घेऊन, तपासून, आपल्या प्रणालीत बसेल असा बांधून, त्यावर चिठ्ठी लावून ठेवणारा एक माणूस मध्ये असतो. इंग्रजीत त्याला मेंटेनर म्हणतात. आपल्या जाधववाडीच्या बाजारात आडत्या असतो ना, शेतकऱ्याचा माल पाहून, वजन करून, पुढं देणारा? तसाच. फक्त हा अडत घेत नाही.

प्रत्येक पॅकेजची एक पाककृती असते. तिच्यात चार गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, सॉफ्टवेअरचं नाव. दुसरी, आवृत्तीचा क्रमांक. तिसरी, मूळ फाइल जिथून आणायची तो इंटरनेटवरचा पत्ता. चौथी, त्या फाइलचा ठसा.

हा ठसा समजून घेण्यासारखा आहे. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर एक गणित केलं जातं आणि त्यातून चौसष्ट आकडे-अक्षरांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक काना जरी बदलला, तरी ही ओळ पूर्णपणे बदलते. म्हणून मेंटेनरनं एकदा तपासलेली फाइल आणि आज उतरवून घेतलेली फाइल एकच आहे का, हे संगणक क्षणात सांगतो. ठसा जुळला तर काम पुढं जातं. नाही जुळला तर संगणक तिथंच थांबतो. आणि दिलेल्या पत्त्यावर फाइलच नसेल, तर ठसा पाहण्याचाही प्रश्न येत नाही. पाककृती आहे, चूल पेटलेली आहे, पण तांदूळ ज्या दुकानातून आणायचे तिथं दुकानच नाही.

याचं आपल्या मराठीशी जोडलेलं एक उदाहरण देतो. लिनक्सवर ज्यांनी मराठी वाचली, त्यांनी बहुतेक वेळा 'लोहित' फॉन्टमध्ये वाचली. लोहित म्हणजे लाल. रेड हॅट या कंपनीनं तो दिला, म्हणून हे नाव शोभतं. मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीकडून घेतलेली. २००४ साली काही भारतीय लिप्यांपासून सुरुवात झाली आणि पुढं संख्या वाढत गेली. कुणीही वापरावा, वाटावा, सुधारावा अशी त्याची परवानगी होती. २०११ साली फॉन्टांसाठी खास केलेल्या आणखी सोयीच्या मुक्त परवान्याखाली तो आणला गेला. आपला मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यासाठी मराठीची वेगळी सोय या कुटुंबात केली गेली आणि डेबियनमध्ये लोहितचं खास मराठी पॅकेजही झालं.

या लोहितच्या फाइली अनेक वर्षं 'फेडोरा होस्टेड' नावाच्या एका ठिकाणी राहत होत्या. मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक प्रकल्पांचं ते घर होतं. २०१७ साली ते बंद झालं. बंद करणाऱ्यांनी आधी सूचना दिली, पर्यायी जागा सुचवल्या, म्हणजे जबाबदारीनं वागले. लोहितनंही पुढं दुसरीकडे बिऱ्हाड केलं. पण जगभरच्या पाककृतींमध्ये जिथं जिथं जुना पत्ता लिहिलेला होता, तिथं तिथं तो शोधून बदलण्याचं काम मेंटेनरांवर आलं. हे एकटं उदाहरण नाही. गिटोरियस २०१५ साली बंद झालं, गुगल कोड २०१६ साली, मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ साली. लहानमोठ्या हजारो प्रकल्पांची घरं अशी दोन-तीन वर्षांत उठली.

आपल्या शहराला नावबदलाची सवय आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. जुन्या नावानं आलेलं पत्रही आमचा पोस्टमन बरोबर घरी आणून देतो, कारण तो माणूस आहे. संगणकाला इतकी समज नाही. पत्त्यात एक टिंब चुकलं तरी तो म्हणतो, असं घर नाही.

आता तुम्ही विचाराल, नवी आवृत्ती आली की जुनी हवी कशाला? मीही हेच विचारलं होतं. नवा मोबाइल घेतल्यावर जुन्याचं खोकं कोण सांभाळतं? भाच्यानं मला कारणं सांगितली, ती मी माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं कारण असं की सगळेजण एकाच वेगानं चालत नाहीत. डेबियनची मुख्य आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि पुढं सुमारे पाच वर्षं सांभाळली जाते. या काळात तिच्यातली सॉफ्टवेअरं मुद्दाम बदलत नाहीत. कुठं सुरक्षेचं भगदाड सापडलं, तर नवी आवृत्ती न आणता जुन्याच आवृत्तीला तेवढं ठिगळ लावतात. कारण महाविद्यालय, इस्पितळ, बँक अशा ठिकाणी चालू असलेली गोष्ट एकदम बदलली, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी मोडतात. ठिगळ लावायला मूळ कापड हातात लागतं. जुन्या आवृत्तीची मूळ फाइल नसेल, तर शिंपी काय करणार?

दुसरं कारण गरिबीचं आहे. जुनी यंत्रं नवी सॉफ्टवेअरं पेलू शकत नाहीत. डेबियनचंच पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची तेरावी आवृत्ती आली आणि जुन्या ३२ बिटी संगणकांवर ती नव्यानं बसवण्याची सोय बंद झाली. त्यामागं त्यांची कारणं आहेत आणि ती रास्त आहेत. पण एखाद्या खेड्यातल्या शाळेला कुणीतरी दान दिलेला तसला संगणक असेल, तर मास्तरांपुढं दोनच वाटा. जुनी आवृत्ती कुठून तरी मिळवायची, नाहीतर संगणकावर कापड घालून ठेवायचं.

तिसरं कारण मला फार आवडलं. ते चूक शोधण्याचं आहे. एका फॉन्टच्या नव्या आवृत्तीत 'दुसऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांमधला 'ऱ्य' बिघडला होता. हे अक्षर मराठीची खासियत. हिंदीवाल्याला ते लागत नाही, म्हणून बिघाड बराच काळ कुणाच्या लक्षात आला नाही. चूक नेमकी कुठल्या आवृत्तीत शिरली, हे कसं शोधायचं? समजा मध्ये सोळा आवृत्त्या झाल्या. भाचा सोळाही तपासत बसत नाही. तो मधली, म्हणजे आठवी, लावून पाहतो. तिच्यात अक्षर ठीक असेल तर चूक पुढच्या आठांत, नसेल तर मागच्या आठांत. मग त्या आठांतली मधली. असं अर्धं अर्धं करत चार पायऱ्यांत तो चुकीपर्यंत पोचतो. पण यासाठी मधल्या आवृत्त्या शिल्लक हव्यात. शिडीच्या पायऱ्या काढून घेतल्यावर उतरायचं कसं?

चौथं कारण संकटाचं. ही गोष्ट खरी आहे आणि फार जुनीही नाही. एक्सझेड नावाचं एक छोटं साधन आहे. फाइली दाबून लहान करणं, एवढंच त्याचं काम. पण ते जगभरच्या बहुतेक लिनक्स संगणकांत असतं. जिया टॅन हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं या प्रकल्पात मदत करून विश्वास मिळवला आणि २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं जाणवलं. बहुतेकांनी सोडून दिलं असतं. त्यानं माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जगापुढं आणला.

आता करायचं काय? मागं फिरायचं. चोरदरवाजा नसलेल्या जुन्या आवृत्तीकडं जायचं. पण पॅकेज मॅनेजरला मोठा क्रमांक म्हणजे नवं, एवढंच समजतं. खाली उतरणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून डेबियनवाल्यांनी एक गंमतशीर नाव तयार केलं, '५.६.१ प्लस रियली ५.४.५'. म्हणजे पाटी ५.६.१ ची, पण खरं सांगायचं तर आत ५.४.५ आहे. मला हे वाचून हसू आलं आणि जरा भरूनही आलं. जगभरच्या यंत्रांना चोरापासून वाचवताना कुणीतरी घाईघाईत 'खरं सांगायचं तर' असं लिहून ठेवलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तर या संकटाचा स्पर्शच झाला नव्हता, कारण तिच्यात आधीचीच जुनी आवृत्ती होती.

याच घटनेत आणखी एक धडा आहे. हा प्रकल्प गिटहब या संकेतस्थळावर होता. बातमी फुटल्यावर गिटहबनं ते दालनच काही दिवस बंद केलं. हेतू चांगला, विष पसरू नये. पण त्याच दालनात चांगल्या जुन्या आवृत्त्याही होत्या. ज्यांच्या पाककृतीत तोच एक पत्ता होता, त्यांना चांगल्या फाइलीही मिळेनात. ज्यांनी आपल्याकडं प्रत ठेवली होती, त्यांचं काम अडलं नाही. शिवाय विषारी प्रतही अभ्यासकांना हवी होती. चोरी उलगडायची तर ती नीट पाहावी लागणार. या चोरीचा एक तुकडा फक्त वाटपासाठी बांधलेल्या फाइलीत होता, सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात तो नव्हता. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तेव्हाच फरक दिसला. वाईट आवृत्तीसुद्धा पुसायची नसते. तिच्यावर 'विष' अशी मोठी चिठ्ठी लावून ती कुलपात ठेवायची असते.

याविरुद्ध बोलणारेही आहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणारे म्हणतात, जुनी आवृत्ती ठेवली की लोक तीच वापरत बसतात, मग तिच्यातल्या जुन्या चुकांची पत्रं आम्हाला येतात. हे खरं आहे. त्यावर उपाय असा की पहिल्या पानावर नवी आवृत्तीच दाखवावी आणि जुन्या आवृत्त्या मागच्या खोलीत, स्पष्ट सूचनेसह ठेवाव्यात. काढून टाकणं आणि मागं ठेवणं यांत फरक आहे. दुसरा आक्षेप जागेचा आणि खर्चाचा. मोठ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो खरा आहे. लहान गोष्टींच्या बाबतीत नाही. एक देवनागरी फॉन्ट मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोहून कमी जागेत मावू शकतो.

तिसरा आक्षेप मालकीचा, आणि तो मला लेखक म्हणून जवळचा वाटतो. माझं लेखन, मी मागं घेईन, तुम्हाला काय? २०१६च्या मार्चमध्ये असंच झालं. एनपीएम नावाच्या भांडारातून एका प्रोग्रामरनं नावाच्या वादावरून रागानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाची एक चिमुकली गोष्ट होती, अकरा ओळींची. ओळीच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणं, एवढंच तिचं काम. पण हजारो प्रकल्प साखळीनं तिच्यावर उभे होते. ते धडाधड मोडले. शेवटी भांडाराच्या चालकांनी ती परत जागेवर ठेवली आणि एकदा प्रसिद्ध केलेली गोष्ट सहजासहजी काढता येणार नाही, असे नियम कडक केले. त्या माणसाचा राग मला समजतो. पण प्रसिद्ध करणं म्हणजे दुसऱ्याला त्यावर पाय ठेवू देणं. छापलेली कविता मला आवडेनाशी झाली, तर मी पुढच्या आवृत्तीत ती गाळू शकतो. वाचकाच्या कपाटातलं पुस्तक मी फाडू शकत नाही.

ठेवण्याबरोबर आणखी एक शिस्त लागते. जुनी प्रत होती तशीच ठेवायची. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबवर एक छोटासा बदल झाला. आपोआप बांधून दिल्या जाणाऱ्या फाइली दाबण्याची पद्धत बदलली. आतला मजकूर अक्षरशः तोच, फक्त बांधणी वेगळी. पण ठसा फाइलचा घेतलेला असतो, त्यामुळे जगभर पाककृती अडल्या. काही तासांत बदल मागं घ्यावा लागला. म्हणून या क्षेत्रातला चांगला रिवाज असा की एकदा क्रमांक देऊन बाहेर सोडलेली फाइल गुपचूप बदलायची नाही. एक स्वल्पविराम सुधारायचा असला तरी नवा क्रमांक द्यायचा.

हा रिवाज ऐकताना मला आपल्या शेजारचं पैठण आठवलं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तोवर नकला करता करता पाठ बिघडले होते, मधे मधे लोकांनी आपल्या ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ ठरवला आणि शेवटी बजावलं की यात कुणी स्वतःची ओवी मिसळू नये. केव्हा केलं, तेही त्यांनी नोंदवून ठेवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर आवृत्ती, तारीख आणि 'फाइल बदलू नये' ही सूचना. पण नाथांची प्रत झाली म्हणून वेगळ्या पाठाच्या पोथ्या सगळ्याच नष्ट झाल्या नाहीत. म्हणूनच १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापता आली आणि ज्ञानेश्वरांची मूळ मराठी कशी होती, यावर अभ्यासकांना वाद घालता आला. वारकऱ्यानं नाथांची प्रत वाचावी. अभ्यासकाला मात्र दोन्ही लागतात.

सुदैवानं असं जपणारी माणसं संगणकाच्या जगातही आहेत. डेबियनचा एक 'स्नॅपशॉट' संग्रह आहे. २००५ पासूनच्या अमुक तारखेला त्यांच्या भांडारात काय काय होतं, ते तिथं मागं जाऊन पाहता येतं आणि उतरवूनही घेता येतं. फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेनं २०१६ साली 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा प्रकल्प सुरू केला, पुढं युनेस्कोनं त्याला साथ दिली. जगातल्या मुक्त सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर आवृत्त्यांसकट साठवणं हे त्यांचं काम. पण या संग्रहांत येतं ते मुख्यतः खुलं असलेलं. आपल्या मराठीची टायपिंगची सॉफ्टवेअरं, जुने फॉन्ट, शुद्धलेखन तपासणारी साधनं, शब्दकोशांच्या सीड्या यांतलं पुष्कळसं खुलं नव्हतं. ते कंपन्यांच्या कपाटांत आणि डीटीपीवाल्यांच्या जुन्या संगणकांत होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांपासून युनिकोड रुळेपर्यंत जे मराठीत टाइप झालं, त्यातलं किती या कुलपांमागं अडकलं असेल, याचा विचार करा.

युनिकोडमुळे यात एक मोठा फरक पडला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे आणि एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही किंवा हलवायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. 'क' चा क्रमांक २३२५. तो उद्याही तोच राहील. नवी अक्षरं येतात, पण जुनी जागा सोडत नाहीत. मेंटेनर लोक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून जे मागतात, ते याच जातीचं आहे.

मागणं फार मोठं नाही. मराठीसाठी सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट करणाऱ्यांनी नवी आवृत्ती आणताना जुनी काढू नये. एका पानावर तारखेसह सगळ्या ठेवाव्यात, प्रत्येकीचा ठसा द्यावा. जागा बदलली तर जुन्या पत्त्यावर नवा पत्ता लिहून ठेवावा. दुकान बंद करायचंच असेल, तर विकणं थांबलेल्या आवृत्त्या एखाद्या विद्यापीठाकडं किंवा संग्रहाकडं सोपवाव्यात, कुलपाच्या किल्लीसकट. आणि आपण लिहिणाऱ्यांनी काय करावं? मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलीत एकदा तरी ठेवावा. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली असतील, तर ज्या संगणकावर त्या उघडतात तो भंगारात देण्याआधी त्या बदलून घ्याव्यात. आणि एक छापील प्रत काढावी. कागदाला डोंगल लागत नाही.

राहिल्या माझ्या नऊ कविता. भाच्यानं सीडी पुण्याला नेली. ती जुनी आवृत्ती त्यालाही मिळाली नाही. पण त्यानं एक युक्ती केली. छापून आलेल्या कविता पुस्तकात होत्या आणि त्याच कविता सीडीवर त्या विचित्र चिन्हांत होत्या. दोन्ही शेजारी मांडून त्यानं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता तयार केला. तीन रविवार गेले. त्या तक्त्यानं त्यानं नऊ कविता उलगडल्या आणि मला पाठवल्या. वीस वर्षांनी मी स्वतःलाच वाचलं. काही ओळी आज लिहिल्या नसत्या. काही आज जमल्या नसत्या.

फक्त सातव्या कवितेत एक चिन्ह उरलं. कसलंसं जोडाक्षर. छापलेल्या एकाही कवितेत ते आलेलं नाही, म्हणून तक्त्यात त्याच्यापुढची जागा रिकामी. भाच्यानं फोन करून विचारलं, "मामू, इथं काय लिहिलं होतं तुम्ही?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. मागचा शब्द लागतो, पुढचा लागतो, मधला लागत नाही. दुसरा शब्द घालता येईल, पण मग ती नवी आवृत्ती होईल. मी तिथं रिकामी जागा ठेवली आहे. ते जुनं सॉफ्टवेअर, त्याच्या कुलपासकट, कुणाच्या माळ्यावर असेल तर मला एकच अक्षर वाचून हवं आहे.